फितीची साक्ष

सुरत जिल्ह्यातील कामरेज हे गाव आज मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील एक वर्दळीचे ठिकाण म्हणून लोकांस ठाऊक आहे. तापीच्या काठी वसलेल्या या गावाचे वय मात्र महामार्गाच्या वयाहून पुष्कळच अधिक आहे. जुन्या ताम्रपटांत आढळणारे 'कार्मणेय' म्हणजे हेच कामरेज, असे पंडित मानतात. ग्रीक भूगोलवेत्ता टॉलेमी याने उल्लेखिलेले 'कमाने' हेही हेच असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी येथे उत्खनन झाले, तेव्हा हिंदी महासागरातील प्राचीन व्यापाराची साक्ष देणारी खापरे मातीतून वर आली. कोणी जपून ठेवली नव्हती, कोणी त्यांची यादी केली नव्हती. तरीही ती टिकली. मातीच्या भांड्याला मातीने सांभाळले.

इतिहासाचे दुसरे एक साधन असे आहे की, ज्याला माती सांभाळत नाही, पाणी सांभाळत नाही आणि काळ तर मुळीच सांभाळत नाही. ते साधन म्हणजे चित्रपटाची फीत. ताम्रपट हजार वर्षे टिकतो, कागद काही शतके तग धरतो. फिल्म मात्र माणसाच्या एका आयुष्याइतकीही टिकेल याची शाश्वती नसते. आणि गंमत अशी की, गेल्या सव्वाशे वर्षांचा आपला इतिहास पुढल्या पिढ्या ज्या साधनाच्या आधारे पाहणार आहेत, ते साधन नेमके हेच आहे. म्हणून या नाजूक साक्षीदाराचा जबाब कसा घ्यावा आणि त्याला जिवंत कसे ठेवावे, या दोन प्रश्नांचा विचार आम्ही येथे करणार आहोत. त्यासाठी आम्ही एकच जुनी फीत मुख्यत्वेकरून निवडली आहे. ती काही क्षणांचीच आहे; पण तिच्यात एका मराठी राजाची अब्रू गुंतलेली आहे, आणि कामरेज त्या राजाच्या राज्यातले आहे.

आजच्या पिढीस कदाचित ठाऊक नसेल की, सुरत शहर इंग्रजांच्या ताब्यात असताना त्याच्या परिसरातील बराचसा मुलूख बडोद्याच्या गायकवाडांचा होता. बडोदे संस्थानाचे प्रांत एकसलग नव्हते. त्यांतील दक्षिणेकडचा नवसारी प्रांत, आणि त्या प्रांतातील एक तालुका कामरेज. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा कामरेज सुरत जिल्ह्यात आले. पुढे १ मे १९६० रोजी ते गुजरात राज्याचा भाग झाले. तोवर येथल्या शेतकऱ्याचा सारा गायकवाडांच्या तिजोरीत जात होता, आणि १८७५ पासून १९३९ पर्यंत त्या गादीवर होते महाराज सयाजीराव तिसरे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी घरातून दत्तक येऊन गादीवर बसलेला हा मुलगा पुढे हिंदुस्थानातील सर्वांत कर्तबगार संस्थानिकांपैकी एक ठरला, हे मराठी वाचकांस नव्याने सांगावयास नको.

१२ डिसेंबर १९११ रोजी दिल्लीस राज्यारोहणाचा दरबार भरला. बादशहा पंचम जॉर्ज आणि महाराणी मेरी जातीने उपस्थित होते. राज्य करणारा ब्रिटिश सम्राट हिंदुस्थानच्या भूमीवर दरबार भरवितो, असा हा पहिला आणि शेवटचाच प्रसंग. एकेका संस्थानिकाने सिंहासनासमोर यावे, वाकून मुजरा करावा, आणि सम्राटाकडे पाठ न करता काही पावले मागे सरत निघून जावे, असा शिरस्ता ठरला होता. हैदराबादचा निजाम अग्रभागी होता; अगदी पहिल्या काही मानकऱ्यांतच बडोद्याचा क्रम होता. सयाजीराव आले. अंगावर संस्थानिकांस शोभेसे समजले जाणारे जडजवाहीर नव्हते. साधा पांढरा पोशाख आणि हातात छडी होती. त्यांनी थोडक्यात नमस्कार केला आणि वळून ते चालू लागले. सम्राटाकडे पाठ झाली. एवढ्याच गोष्टीवरून इंग्लंडच्या वृत्तपत्रांत वादळ उठले. राजद्रोह, उद्धटपणा, मुद्दाम केलेला अपमान, असे शब्द वापरले गेले.

हे वादळ एकाएकी उठलेले नव्हते. बडोद्याबद्दल इंग्रज सरकारच्या मनात संशय आधीपासून साचत आलेला होता. अरविंद घोष यांनी तेरा वर्षे, म्हणजे १८९३ ते १९०६ पर्यंत, याच संस्थानात नोकरी केली होती. संस्थानाच्या हद्दीत राजद्रोही वाङ्मय छापले जाते, अशी सरकारची तक्रार होती. महाराजांचे परदेशप्रवास आणि त्या प्रवासांतील त्यांच्या गाठीभेटी यांवरही नजर होती. अशा वेळी दरबारातील एक चुकलेले पाऊल पुरेसे होते. महाराजांनी दरबारानंतर लगेचच व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांस खुलाशाचे पत्र पाठविले. आपल्या मनात अनादराचा लेशही नव्हता, सम्राटांसमोर आपण गोंधळून गेलो, आणि आपल्या आधी फार संस्थानिक गेलेले नसल्यामुळे रीत नीट पाहावयास मिळाली नाही, असा त्याचा आशय होता. पत्र वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. तथापि वाद शमला नाही. कारण या खटल्यात एक अभूतपूर्व साक्षीदार उपस्थित होता. तो म्हणजे चलच्चित्राचा कॅमेरा.

दरबार चित्रित करण्यासाठी अनेक कंपन्यांचे छायाचित्रकार दिल्लीत आले होते. त्यांपैकी चार्ल्स अर्बन यांनी 'किनेमाकलर' या दोन रंगांच्या पद्धतीने काढलेला चित्रपट फेब्रुवारी १९१२ पासून लंडनच्या 'स्काला' नाट्यगृहात दाखविला गेला. तो सुमारे अडीच तासांचा होता आणि तो पाहण्यासाठी मोठी गर्दी लोटली. 'गोमाँ' आदी वृत्तपट-कंपन्यांनी काळ्या-पांढऱ्या फिती त्याही आधी पडद्यावर आणल्या होत्या. त्यांत गायकवाडांच्या मुजऱ्याचे दृश्य होते. वृत्तपत्रांत वाचलेला अपराध आता प्रेक्षकांना 'डोळ्यांनी' पाहता येऊ लागला, आणि फितीचा आधार घेऊन लोक निवाडे देऊ लागले. आमच्या माहितीप्रमाणे, हिंदी माणसाविरुद्ध चलच्चित्र पुराव्यादाखल जाहीरपणे वापरले गेल्याचा हा अगदी आरंभीचा प्रसंग होय.

दैवाचा खेळ पाहा. त्या भव्य रंगीत चित्रपटाचा बव्हंशी नाश झाला. त्याचा थोडासा अंश पुढे रशियातील एका संग्रहात सापडला, तो सैन्याच्या कवायतीचा. आमच्या देशातील चलच्चित्राचे एक आद्य प्रवर्तक हिरालाल सेन यांनीही या राजभेटीचे चित्रण केल्याची नोंद आहे. परंतु त्यांच्या फितींचा साठा १९१७ साली आगीत भस्मसात झाला. त्याहीपूर्वी, १९०३ साली लॉर्ड कर्झनने भरविलेल्या दरबाराचे चित्रण करणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हे तर मराठी गृहस्थ. त्यांच्याही फिती आज आपल्या हाती नाहीत. राहिली ती परक्या कंपनीची काळी-पांढरी फीत, तीही परक्या देशाच्या संग्रहालयात. म्हणजे फिर्यादीचा साक्षीदार जिवंत राहिला, आणि बचावाचे म्हणून जे साक्षीदार होऊ शकले असते ते मेले.

आता या साक्षीदाराची उलटतपासणी करू. न्यायालयात ध्वनिफितीचा पुरावा केव्हा ग्राह्य मानावा याचे निकष सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली 'मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात सांगितले आहेत. फितीतील मजकूर वादाशी संबद्ध असावा, आवाज कोणाचा याची ओळख पटावी, आणि फितीत पुसापुसी वा फेरफार झाला नाही असे सिद्ध व्हावे. पुरावा कायद्याचा ग्रंथ आता बदलला, १८७२ चा अधिनियम जाऊन १ जुलै २०२४ पासून नवा अधिनियम आला. परंतु या तीन प्रश्नांचे शहाणपण जुने झालेले नाही. ते ऐतिहासिक फितीलाही लावून पाहण्याजोगे आहेत.

पहिल्या दोन कसोट्यांस ही फीत उतरते. प्रसंग तोच आहे, माणूस तोच आहे. तिसरी कसोटी अवघड आहे. येथे कोणी खोटेपणा केला असे आम्हांस म्हणावयाचे नाही. परंतु फीत खोटी नसूनही अपुरी असू शकते. वृत्तपट हा मुळातच निवडीचा धंदा आहे. शेकडो मानकऱ्यांच्या रांगेतून चार-दोन मुजरे निवडून पडद्यावर आणले, म्हणजे इतरांनी काय केले हे प्रेक्षकाला कळत नाही. किती संस्थानिक पूर्ण मागे सरले, कितीजण अर्ध्यावर वळले, कितीजण वाट चुकले, हे कळल्यावाचून एकट्या गायकवाडांचे वळणे विलक्षण होते की सामान्य, हे ठरविता येत नाही. संपूर्ण रांग दिसली असती तर ती साक्ष. चार मुजरे दिसले म्हणजे तो वकिलाचा युक्तिवाद.

दुसरी गोष्ट यंत्राची आहे. त्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवीत. सेकंदाला साधारण सोळा चित्रे पडत. पण छायाचित्रकाराचा हात हा काही घड्याळाचा लंबक नव्हे. बोलपट आल्यावर सेकंदाला चोवीस चित्रांचा वेग रूढ झाला, आणि जुन्या फिती नव्या यंत्रांवर चढल्या की त्यांतील माणसे दीडपट वेगाने चालू लागली. जुन्या मूक फिती पाहताना सर्वांना येणारे हसू हे याच कारणामुळे येते. आता विचार करा : ज्या प्रसंगात माणसाच्या चालण्याची ढब हाच आरोपाचा विषय, त्या प्रसंगाची फीत वेगाने फिरविली तर गंभीर पाऊल उतावीळ दिसेल, आणि हातातली छडी बेपर्वाईने झुलते आहे असे वाटेल. म्हणजे आरोपीच्या वर्तनातील उद्धटपणाचा काही वाटा यंत्राच्या पदरी टाकावा लागतो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट हेतूची. फौजदारी कायद्यात कृत्य आणि हेतू यांचा भेद प्राथमिक मानला जातो. कॅमेरा कृत्य टिपतो. हेतू टिपण्याचे भिंग अद्याप घडलेले नाही. पाठ वळली हे फीत सांगेल. ती का वळली हे सांगणार नाही. येथे आम्ही आमच्या स्वकीयांसही थोडे बोलणार आहोत. इंग्रजी वृत्तपत्रांनी त्या पाठीत राजद्रोह पाहिला. पुढे आमच्याकडील लेखकांनी त्याच पाठीत स्वाभिमानाचा बाणेदारपणा पाहिला आणि महाराजांना त्याबद्दल डोक्यावर घेतले. निंदा आणि स्तुती परस्परविरुद्ध. पण दोघांची वाचनपद्धती एकच. दोघांनीही काही क्षणांच्या फितीला तिच्या ताकदीबाहेर बोलावयास लावले. आणि महाराजांचे स्वतःचे पत्र मात्र दोघांनीही बाजूला सारले. एकाने ते भीतीपोटी लिहिले म्हणून, दुसऱ्याने ते नाइलाजाने लिहिले म्हणून. आमच्या मते प्रामाणिक निकाल असा द्यावा लागेल : पाठ वळली हे सिद्ध, हेतू असिद्ध.

याच सुमारास लंडनच्या न्यायालयात एक वेगळाच विनोद घडत होता. एका घटस्फोटाच्या दाव्यात महाराजांना सहप्रतिवादी करण्यात आले होते. त्या दाव्याच्या गुणदोषांशी आम्हांस कर्तव्य नाही. परंतु १९१२ च्या विधि-अहवालांत 'स्टॅथम विरुद्ध स्टॅथम' या नावाने नोंदलेला त्यातील मुद्दा कायद्याच्या विद्यार्थ्यांस आजही शिकण्यासारखा आहे. बडोद्याचे महाराज हे राज्य करणारे अधिपती असल्यामुळे इंग्लंडच्या न्यायालयाचा त्यांच्यावर अधिकार चालत नाही, असा निर्णय झाला. दिल्लीत ज्याला मांडलिक म्हणून मागे सरत जावयाचे होते, तोच लंडनच्या न्यायासनासमोर कोणाच्याही हुकमतीबाहेरचा राजा ठरला. या दुटप्पी अवस्थेचे चित्र कोणत्याही फितीत नाही. ते विधि-अहवालात आहे. फितीशेजारी कागद ठेवल्यावाचून फीत वाचता येत नाही, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस सापडत नाही.

सयाजीरावांचे खरे उत्तर कोठे शोधावे? दरबारातील पाठीत शोधू नये, त्यांच्या राज्यकारभारात शोधावे. १८९३ साली अमरेली येथे सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग, १९०६ साली तो संपूर्ण राज्यास लागू. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या हातून गावोगाव वाचनालये. १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास पाचारण करून सार्वजनिक ग्रंथालयांची सबंध राज्यभर उभारणी. कामरेज ज्या नवसारी प्रांतात होते तोही या व्यवस्थेचाच भाग. परंतु येथे आमच्या विषयाच्या दृष्टीने एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. या ग्रंथालय खात्याची एक शाखा दृक्-शिक्षणाची होती. निरक्षर माणसाला पुस्तक देऊन काय करावयाचे? म्हणून या शाखेचे लोक चलच्चित्राचे यंत्र, जादूचे दिवे, काचपट्ट्या आणि दुहेरी भिंगातून पाहावयाची चित्रे घेऊन शहरांत आणि खेड्यांत हिंडत व फुकट खेळ दाखवीत. बॉर्डन यांच्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी गृहस्थांनी या खात्याची धुरा वाहिली, आणि १९१९ साली या चळवळीचा वृत्तांत लिहून ठेवला.

ज्या यंत्राने लंडनच्या पडद्यावर राजाला आरोपी केले, तेच यंत्र त्या राजाने थोड्याच काळात आपल्या खेडुतांचा मास्तर केले. आमच्या मते गायकवाडांच्या चारित्र्याविषयीचा हा पुरावा दरबारातील त्या क्षणांहून शतपट वजनदार आहे. पण जगाने पाहिली ती पाठ. कारण पाठीची फीत उरली. शाळेच्या पटांगणात दिव्याभोवती बसलेल्या खेडुतांचे चेहरे कोणी टिपले नाहीत. फितींच्या आधारे राष्ट्राचा वारसा पाहू म्हणणाऱ्याने हे ध्यानात धरावे की, जे चित्रित झाले आणि जे वाचले, एवढाच काही इतिहास नव्हे.

१९११ या सालाचा आणखी एक धागा येथे जोडावासा वाटतो. नाशिक जिल्ह्यातच, त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके हे बडोद्यात १८९० साली निघालेल्या कलाभवनाचे विद्यार्थी. छायाचित्रण आणि छपाईच्या कलांचा त्यांचा व्यासंग तेथे वाढला. याच १९११ साली मुंबईत गिरगावच्या एका तंबूगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि त्यांच्या मनाने उचल घेतली. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्याच 'कॉरोनेशन' चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. चार रिळांच्या त्या चित्रपटाची दोनच रिळे आज उपलब्ध आहेत. आणि तीही १९१३ ची नसून १९१७ साली फाळक्यांनी पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत, असे जाणकार म्हणतात. म्हणजे राष्ट्राच्या पहिल्या कथापटाच्या बाबतीतसुद्धा 'ओळख पटणे' ही दुसरी कसोटी पुरी करणे आम्हांस जड जाते. १९३१ साली निघालेला पहिला बोलपट 'आलम आरा' तर अजिबातच उरला नाही.

आता पुन्हा कामरेजच्या आसपास येऊ. सुरत जिल्ह्याच्या या टापूत विसाव्या शतकातील दोन फार मोठे प्रसंग घडले, आणि दोन्ही चित्रित झाले. १९३० साली महात्माजींची दांडीयात्रा कामरेजच्या पश्चिमेकडून, देलाडवरून सुरतेस आली. मुंबईच्या शारदा, कृष्णा, रणजित अशा चित्रपटकंपन्यांनी त्या यात्रेचे चित्रण केले. सरकारने अशा चित्रपटांवर बंदी घातली. १९११ साली राजाची फीत सरकारला सोयीची होती म्हणून लंडनभर फिरली; १९३० साली महात्म्याची फीत सरकारला गैरसोयीची झाली म्हणून डब्यात बंद झाली. साक्षीदाराला बोलावणे आणि साक्षीदाराचे तोंड दाबणे, दोन्ही सत्तेच्याच हाती होते.

दुसरा प्रसंग फेब्रुवारी १९३८ चा. कामरेजच्या पूर्वेस, तापीच्याच काठी हरिपुरा येथे काँग्रेसचे एक्कावन्नावे अधिवेशन भरले. विठ्ठलभाई पटेलांच्या नावे 'विठ्ठलनगर' वसविले गेले; नंदलाल बोस यांनी ग्रामजीवनाची चित्रे रंगवून ते सजविले; आणि अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांची मिरवणूक एक्कावन्न बैल जोडलेल्या रथातून निघाली. या अधिवेशनाच्या चित्रणातील काही तुकडे आजही सुभाषबाबूंवरील बहुतेक अनुबोधपटांत आढळतात. आणि येथेच आमची तक्रार सुरू होते. तेच दहा-पाच सेकंद पुनःपुन्हा वापरले जातात. त्यांवर नवे संगीत आणि नवे निवेदन चढते. कधी दुसऱ्याच वर्षाच्या सभेला ते जोडले जातात. गाव कोणते, तारीख कोणती, कॅमेरा कोणाचा, हे हळूहळू गळून पडते. हरिपुऱ्याचा शेतकरी, ज्याने ते बैल जुंपले, तो पडद्यावर दिसतो खरा. पण त्या गावच्या आजच्या मुलाला 'हा आपला गाव' असे सांगणारी एक ओळसुद्धा त्या चित्राखाली नसते. खापराची जागा नोंदविली नाही तर पुरातत्त्वज्ञ ते निरुपयोगी मानतो. फितीच्या बाबतीत एवढीही शिस्त आपण बाळगत नाही.

नोंदीची ही गोष्ट झाली. टिकण्याची त्याहून बिकट आहे. १९५० च्या आसपासपर्यंतच्या फिती नायट्रेटच्या असत. त्या भडकन पेट घेतात आणि एकदा पेटल्या की पाण्यानेही विझत नाहीत. पेटल्या नाहीत तरी कालांतराने चिकट होऊन त्यांचा भुगा होतो. पुढे आलेल्या ॲसिटेटच्या फितींना आंबूस वास सुटतो व त्या आक्रसतात. त्यातच फिल्मवरच्या थरात चांदी असते. चित्रपटाचा खेळ संपला, वितरकाला त्यातून काही मिळेनासे झाले, म्हणजे त्या चांदीसाठी फिती धुऊन टाकणे हा आपल्याकडे एक रीतसर धंदाच होता. पुण्यास फेब्रुवारी १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर मूकपटांचे युग जवळजवळ पूर्णपणे नष्ट होऊन गेले होते. जे काही वाचले त्याचे श्रेय फार मोठ्या प्रमाणात पी. के. नायर या एका माणसाच्या ध्यासाकडे जाते. फाळक्यांच्या 'कालियामर्दन'सह अनेक चित्रपटांची रिळे त्यांनी मिळवून सुरक्षित केली. आणि तरीही जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील नायट्रेट फितींच्या कोठीस आग लागून शेकडो जुने चित्रपट जळाले.

दूरदर्शनची कथा याहून निराळी नाही. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीस आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईस प्रक्षेपण सुरू झाले. आरंभीचे पुष्कळ कार्यक्रम जिवंतच प्रक्षेपित होत, त्यामुळे ते हवेतच विरले. पुढे चुंबकीय फिती आल्या, तर त्या महाग म्हणून एक कार्यक्रम पुसून त्यावर दुसरा घेण्याची रीत पडली. गुजरातेत खेडा जिल्ह्यातील पीज येथे १९७५ साली उभ्या राहिलेल्या केंद्राने गावकऱ्यांसाठी, गावकऱ्यांनाच घेऊन कार्यक्रम केले. गावच्या सामायिक संचासमोर बसून लोकांनी ते पाहिले. १९८४ साली त्या प्रयोगास युनेस्कोचे पारितोषिक मिळाले. सयाजीरावांच्या दृक्-शिक्षण शाखेचा हा जणू नातू. पण आजोबाप्रमाणेच नातवाचेही काम लोकांच्या नजरेआड गेले, आणि त्याची आठवण राहिली ती अहवालांत.

यावर उपाय काय? कायद्याच्या मनुष्याने कायद्याचे बोलावे, म्हणून दोन मुद्दे मांडतो. १९५४ च्या अधिनियमान्वये या देशात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांत द्यावीच लागते. चार पानांची चोपडीही त्यातून सुटत नाही. परंतु कोट्यवधी रुपये ओतून काढलेल्या चित्रपटाची प्रत राष्ट्रीय संग्रहात दिलीच पाहिजे, अशी सर्वसाधारण सक्ती करणारा कायदा आमच्याकडे नाही. प्रमाणपत्र घेतल्याशिवाय चित्रपट दाखविता येत नाही. मग प्रत दिल्याशिवाय प्रमाणपत्र मिळू नये, एवढी साधी तरतूद करण्यात कोणती अडचण आहे हे आम्हांस समजत नाही. दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांनाही योग्य त्या फेरफाराने ती लावता येईल.

दुसरा मुद्दा हक्काचा. चित्रपटावरील स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे चालतो. पुढे ती कृती सर्व जनतेची होते. म्हणजे १९११ चा दरबार, १९३० ची यात्रा, १९३८ चे हरिपुरा, कायद्याच्या दृष्टीने आपल्या सर्वांच्या मालकीची आहेत. परंतु हक्क मोकळा झाला तरी डब्याची किल्ली ज्याच्याजवळ आहे त्याचेच राज्य चालते. १९१४ नंतर अनेक दशके न दिसलेल्या फिती परदेशी संग्रहालयांनी अलीकडे लोकांस खुल्या केल्या, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु मालकाने शेजाऱ्याच्या खिडकीतून आपलेच घर पाहावे, असा हा प्रकार आहे. केंद्र सरकारने राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियान हाती घेऊन जुन्या चित्रपटांचे अंकीकरण चालविले आहे आणि २०२२ साली पुण्याचे संग्रहालय व फिल्म्स डिव्हिजन यांना चित्रपट विकास महामंडळाच्या छत्राखाली आणले आहे. हे काम कथापटांपुरते न राहो. वृत्तपट, अनुबोधपट, दूरदर्शनच्या फिती, यांची तारीख-गाव-प्रसंगवार सूची तयार व्हावी, आणि ज्या तालुक्यातील प्रसंग, त्या तालुक्याच्या ग्रंथालयात त्याची प्रत असावी. कोंकणी वाचकांसही हे परके वाटणार नाही; १९५० साली 'मोगाचो आंवडो' हा पहिला चित्रपट देणाऱ्या भाषेला, आणि ज्या गोमंतकाच्या चित्रणाचा काही भाग लिस्बनला पडून आहे त्या भूमीला, आपल्या फिती कोठे आहेत हे विचारण्याचा तितकाच अधिकार आहे.

उसाच्या हंगामात धुळे-नंदुरबारकडून व डांगातून तोडीची कुटुंबे दक्षिण गुजरातेत उतरतात. कामरेजच्या शिवारातही मराठीचे खानदेशी वळण कानी पडते. त्यांच्यापैकी एखाद्या मुलाच्या हातातील फोनवर आज तो दरबाराचा तुकडा सहज येऊन पडू शकतो. साधा पोशाख केलेला एक माणूस येतो, वाकतो, वळतो, जातो. खाली लिहिलेले असते 'बाणेदार राजा', नाहीतर आणखी काही. आमची मागणी इतकीच की, त्या मुलाला त्या चित्रासोबत चार खऱ्या ओळी मिळाव्यात : हा माणूस कोण, तारीख कोणती, फीत कोणाची, आणि तिच्यात काय दिसत नाही. पाचवी ओळ मिळाली तर उत्तमच. तू ज्या मातीत उभा आहेस ती या माणसाच्या राज्यातली होती, आणि तुझ्यासारख्याने शिकावे म्हणून त्याने याच यंत्राला गावोगाव पाठविले होते. मग निवाडा त्या मुलाने करावा.